फालिज झाला, पण कशामुळे?

उर्दूत ज्याला फालिज म्हणतात, तोच मराठीतला अर्धांगवायू. फालिज या अरबी शब्दाच्या मुळाशी दुभंगण्याचा अर्थ आहे, तर मराठी शब्दाने दोष वायूला दिला आहे. 'अंगावरून वारं गेलं' असं आजही म्हटलं जातं आणि मग झाडफूक, तावीज, कबुतराचं रक्त सुरू होतं. यात लाखमोलाचे तास जातात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

वेळेत दवाखाना गाठणारेही आता पुष्कळ आहेत. पण माणूस घरी आला, मालिश आणि व्यायाम सुरू झाला की झटका कशामुळे आला हा प्रश्न मागे पडतो. माझा आग्रह याच प्रश्नासाठी आहे.

बहुतेक वेळा उत्तर ओळखीचं असतं : रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, हृदयाचे अनियमित ठोके. काही रुग्णांत यातलं काहीच सापडत नाही. त्यांच्यापैकी थोड्यांच्या शरीरात फुप्फुसाचा, स्वादुपिंडाचा किंवा जठराचा कर्करोग लपलेला असतो. अशा काही गाठींमुळे रक्त लवकर गोठू लागतं आणि गुठळी मेंदूत अडकते. गाठीचा पत्ता लागण्याआधी झटका येतो.

कर्करोग आणि गुठळी यांचं नातं नवं नाही. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रुसो यांनी 1865 मध्ये ते व्याख्यानात मांडलं. पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी दिसताच त्यांनी आपला आजार ओळखला. 1867 मध्ये जठराच्या कर्करोगाने ते गेले.

म्हणून प्रत्येक लकव्यात कर्करोग शोधत सुटावं असं मी म्हणत नाही. त्यात पैसा जाईल आणि घाबरगुंडी उडेल. पण कारण सापडलं नसेल, एमआरआयमध्ये मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी इजा दिसत असेल, वजन आणि भूक घटली असेल किंवा खोकला हटत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : आणखी तपासणी हवी का? अम्मी वाळत चालली की आपण रोज्यांवर नाहीतर काळजीवर ढकलतो. झटक्याआधीच्या महिन्यांत ती कशी होती, हे घरच्यांनीच सांगायला हवं.

दुआ जरूर करा. इलाज करणं हीसुद्धा सुन्नतच आहे, आणि कारण माहीत नसेल तर इलाज अर्धाच राहतो.