कपभर कॉफी आणि काठीचा रक्तक्षय

कॉफी आरोग्यास हितकारक की अपायकारक, या प्रश्नाचे उत्तर दर काही महिन्यांनी बदलत असल्याचा समज शहरी वाचकांत रूढ झाला आहे. वस्तुतः गेल्या दहा वर्षांत हे उत्तर बरेचसे स्थिरावले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला संशयितांच्या यादीत बसविले होते; २०१६ मध्ये तिला त्या यादीतून वगळले. त्याऐवजी ६५ अंश सेल्सिअसहून अधिक कढत असे कोणतेही पेय अन्ननलिकेस घातक ठरण्याची शक्यता तिने नोंदविली. म्हणजे दोष कॉफीचा नव्हे, तर वाफाळता कप घाईने ओठांना लावण्याचा. त्यापाठोपाठ २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा छापला. दिवसाला तीन ते चार कप कॉफी घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका कॉफी न पिणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आढळला. त्यातील बहुतेक अभ्यास निरीक्षणांवर आधारलेले असल्याने कॉफीमुळेच आयुष्य वाढले असे म्हणता येत नाही. शिवाय गर्भवती स्त्रिया आणि ठिसूळ हाडांच्या स्त्रिया यांचा अपवाद त्या आढाव्याने स्पष्टपणे केला होता. बातम्यांच्या मथळ्यांत तो अपवाद बहुधा हरवतो.

हे निष्कर्ष प्रामुख्याने सुस्थितीतल्या, पोटभर आणि वैविध्याने जेवणाऱ्या समाजांतून आलेले आहेत. आपल्याकडे जायफळ घालून, दूध-साखरेत उकळलेली कॉफी म्हणजे निराळाच पदार्थ. बाजारातल्या कॉफीच्या मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते, हेही आपण विसरतो. मात्र खरा फरक पेयात नाही, पिणाऱ्याच्या रक्तात आहे. तो पाहायचा तर शहराबाहेर पडावे लागते.

सातपुड्याच्या रांगेत, मेळघाटातल्या चिखलदऱ्यात, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत. त्याच पर्वतरांगेच्या पश्चिम भागात, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, काठी हे गाव आहे. रात्रभर चालणाऱ्या नृत्यानंतर पहाटे पेटणाऱ्या राजवाडी होळीसाठी ते प्रसिद्ध आहे. होळी पाहायला शहरांतून माणसे जातात, छायाचित्रे घेतात आणि परततात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांचा प्रश्न निराळा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आहेत. ही राज्याची सरासरी झाली; कुपोषणाशी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या नंदुरबारमध्ये तिचा अर्थ अधिक बोचरा होतो.

काठीच्या परिसरात कॉफी नव्हे, चहाच चालतो, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्तच आहे. पण त्याने चिंता कमी होत नाही, वाढते. अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणासोबत कपभर कॉफी घेतल्यास अन्नातील लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, तर चहा घेतल्यास ६४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. या पेयांतील पॉलिफिनॉल द्रव्ये आतड्यात लोहाला बांधून ठेवतात आणि ते रक्तात न जाता शरीराबाहेर पडते. मांसातील लोहावर त्यांचा परिणाम कमी होतो. ज्वारी, मका, डाळी व पालेभाज्यांतील लोहावर मात्र तो पुरेपूर होतो. ज्याच्या ताटात मांस रोज नसते, त्याला या कपाची किंमत अधिक मोजावी लागते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक सूचनांत यासाठीच जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. दिवसभरातील कॅफिन ३०० मिलिग्रॅमच्या आत असावे, असेही त्यांत आहे. १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५, तर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. यातील एका तासाचा नियम आम्हाला थोडा उदार वाटतो. उपरोक्त प्रयोगात जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही. जेवणानंतर तासाभराने घेतलेली कॉफी मात्र जेवणासोबतच्या कॉफीइतकीच लोहाच्या आड आली. जेवणानंतर दोन तास थांबावे, किंवा चहा आधीच उरकावा, असे सांगणे अधिक सुरक्षित ठरेल.

‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गर्भवतीला १८० दिवस रोज लोह व फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते. गोळी गिळताना शेजारी चहाचा पेला असेल तर त्यातले बरेचसे वाया जाते. गोळ्यांचे वाटप मोजले जाते. त्या कशासोबत घेतल्या, याची नोंद कुठे होत नाही. आवळा किंवा लिंबू सोबत असेल तर लोह अधिक शोषले जाते, हे सांगायला कोणत्याही निधीची गरज नाही.

मात्र हा सल्ला सरसकट देणेही धोक्याचे आहे. सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या आजारातला रक्तक्षय तांबड्या पेशी अकाली फुटल्याने होतो, लोह कमी पडल्याने नव्हे; आणि वारंवार रक्त द्यावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह उलट साचत जाते. अशा रुग्णाला लोहाची गोळी द्यावी की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. काठीतल्या स्त्रीला चहाची वेळ बदलायला सांगण्यापूर्वी तिच्या हाती त्या तपासणीचा निकाल पडायला हवा.