‘गेल्या जन्मीचं पाप’ आणि आपले विहार

“गेल्या जन्मीचं काहीतरी असेल,” हे माझ्या ऑटिझम असलेल्या मुलाबद्दल मी देवळात नाही, विहारात ऐकलं.

याच कर्मसिद्धांताने आपल्याला गावकुसाबाहेर बसवलं होतं. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) मध्ये तो नाकारला. दुःखाचं खापर गतजन्मावर फोडलं की समाज जबाबदारीतून मोकळा होतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग वंदनेच्या वेळी मूल ओरडलं की सगळ्यांच्या माना त्याच्या आईकडे का वळतात? ‘याला बाहेर न्या’ हे शब्द आपल्या आजा-पणजांनी कमी ऐकले का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. पण प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात खेटे घालायचे तर मजुरी बुडते आणि खासगी थेरपी वस्तीला परवडत नाही. करुणा इथे दाखवा. स्पीकरचा आवाज कमी करा. एक शांत कोपरा ठेवा. आईला दोन तास उसंत मिळेल इतकं मुलाजवळ बसा. अर्ज भरून द्या, सोबत दवाखान्यात जा. यातल्या कशालाही मोठी वर्गणी लागत नाही.

ज्या विहारात हे मूल मावत नाही, तिथे समतेवर भाषणं देऊ नका.

जय भीम.