शब्द मोडल्याची शिक्षा कोणी ठरवावी?

‘गुन्हा कबूल कर, दंडावर सुटशील’ हा सल्ला तालुका न्यायालयांच्या आवारात नवा नाही. टी. नरसीपूरसारख्या गावी प्रत्येक तारीख म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. त्यामुळे निर्दोष माणूसही या सल्ल्याला भुलतो. पण कबुली दिल्यानंतर शिक्षाच वाढवली गेली तर?

सर्वोच्च न्यायालयाने याची दोन उत्तरे दिली आहेत. महाराष्ट्रातील खाद्यतेल भेसळीच्या खटल्यात कबुलीनंतर आरोपी दंडावर सुटले होते. उच्च न्यायालयाने त्यांना कारावास दिला. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि अशा तडजोडींवर कोरडे ओढले. कर्नाटकातील तशाच प्रकरणात 1982 मध्ये मात्र न्यायालयाने म्हटले, की सौम्य शिक्षेच्या आश्वासनावर कबुली घ्यायची आणि अपिलात शिक्षा वाढवायची, हा अनुच्छेद 21 चा भंग आहे. खटला पुन्हा चालवण्यासाठी परत पाठवला गेला.

5 जुलै 2006 पासून अशी तडजोड कायदेशीर झाली. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तिच्यावरील निकाल अंतिम असतो. विशेष अनुमती याचिका आणि उच्च न्यायालयातील रिट एवढेच मार्ग उरतात. मात्र आरोपीनेच शब्द मोडला तर काय, याचे स्पष्ट उत्तर त्या प्रकरणात नाही.

अमेरिकेत या प्रश्नाचे टोक दिसले. ॲरिझोनातील एका हत्येच्या आरोपीने करारानुसार साक्ष दिली, पण फेरखटल्यात ती नाकारली. करार रद्द झाला, मूळ आरोप पुन्हा उभा राहिला आणि त्याला देहदंड सुनावला गेला. हा दुसरा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला.

आपल्याला तेवढ्या कठोरतेची गरज नाही. माफीच्या साक्षीदाराबाबतचा आपला जुना नियम अधिक न्याय्य आहे: त्याने अट मोडल्यास मूळ गुन्ह्याचा खटला चालतो, पण स्वतंत्रपणे; अट पाळल्याचा बचाव त्याला घेता येतो आणि भंग सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. तडजोडीलाही हेच लागू व्हावे, आणि मोडलेल्या तडजोडीतील कबुली पुरावा म्हणून वापरली जाऊ नये. प्रशासनात आयुष्य घालवल्यावर माझी खात्री झाली आहे, की राज्यसंस्थेचा शब्द दुबळ्यासाठी हमी असतो. करार मोडला की दोन्ही पक्षांनी आरंभबिंदूवर परतावे. कबुली एकाच्या हाती आणि शिक्षा दुसऱ्याच्या माथी, असे होता कामा नये.