वेळापत्रकात पाऊस कुठे बसवायचा?

जूनमध्ये शाळा उघडली की वृक्षारोपण होते. पाहुणे येतात, फोटो निघतो, रोपाभोवती झावळांचा आडोसा उभा राहतो. गणपतीपर्यंत ते रोप जगते, कारण तोवर त्याला पाऊस जगवतो. दिवाळीनंतर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही आणि शिमग्याला त्या जागी नुसती काठी उरते. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवे रोप! रत्नागिरी जिल्ह्यातल्या हायस्कुलांत विज्ञान शिकवण्यात माझे उभे आयुष्य गेले. असे खड्डे मला पाठ झाले आहेत.

हाताने शिकण्याचा विचार आपल्याकडे काही आजचा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी 'नयी तालीम' मांडली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. शब्द आला, तास आला, त्याला श्रेणीही मिळू लागली. बहुतेक ठिकाणी त्या तासाला कागदी फुले झाली किंवा गणिताच्या सरांनी तो उसना घेतला.

मात्र हे मनावर घेणारी माणसेही याच महाराष्ट्रात होऊन गेली. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावी गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. त्यात शेती आणि पशुपालन आहे, कार्यशाळा आहे, ऊर्जा आहे, घर-आरोग्य आहे. मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे असते आणि त्याचा मोबदला घेतला जातो. फुकटच्या कामाची तपासणी कोण कसून करणार?

आता आपल्या कोकणाकडे येऊ. दापोलीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली, साका नसलेली 'रत्ना' ही जात त्याच विद्यापीठाची. आंबा न आपटता उतरवणारा 'नूतन झेला'ही तिथलाच. एवढे ज्ञान हाताशी असताना दहावी झालेल्या मुलाला कलम बांधता येत नाही. बागांतून राखणीपासून फवारणीपर्यंत नेपाळहून आलेली माणसे राबतात, ती मन लावून काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीच. पण बागायतदाराचा मुलगा मुंबईला बारा हजारांच्या नोकरीसाठी चाळीच्या खोलीत दाटीवाटीने राहतो आणि वडिलांच्या बागेतल्या तुडतुड्याची ओळख त्याला नसते, हे मला बोचते.

कोय कलमाचेच घ्या. शाळेसाठी याहून सोयीचा प्रकल्प मला दिसत नाही. रायवळ आंब्याच्या कोयी रुजत घालायच्या. पाने अजून तांबूस असताना, पंधरा-वीस दिवसांच्या रोपाचा शेंडा कापून खोडाला मधोमध चीर द्यायची. निवडलेल्या झाडावरची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. काडीची पाने आठ-दहा दिवस आधीच छाटून ठेवायची असतात, म्हणजे डोळे फुगतात. यात वनस्पतिशास्त्राचा अख्खा धडा आला. साल सालीला का भिडली पाहिजे, हे फळ्यावर तीनदा समजावण्यापेक्षा न जगलेले एक कलम चटकन सांगते. शिवाय हा सगळा हंगाम जून ते ऑगस्टचा, म्हणजे शाळा भरलेली असतानाचा.

भातलावणीही तशीच. डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेल्या चारसूत्री पद्धतीत चूड १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर लावतात. चार चुडांचा जो लहान चौकोन होतो, त्याच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी खोचतात. मग गुंठ्याला गोळ्या किती? खत किती? आठवीच्या मुलाने ४० सेंटिमीटर बाजूचा चौरस धरून हिशेब केला की उत्तर सुमारे ६३० गोळ्या, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत येते. क्षेत्रफळाचे इतके खरे गणित पाठ्यपुस्तकात मी पाहिले नाही. फक्त ते चिखलात उभे राहून सोडवायचे. आणि लावणी पावसावर ठरते, सोमवारच्या चौथ्या तासावर नाही. घोडे अडते ते इथेच.

पालकांचा विरोध मी जवळून पाहिला आहे. एका शाळेत मुले लावणीला नेली तेव्हा एक आई म्हणाली, "आम्ही चिखलात राबलो म्हणून ह्यांना शाळेत घातलं, गुरुजी. तुम्ही परत चिखलातच न्हेताय?" या प्रश्नाला हसून चालणार नाही. शाळेची जमीन झाडून-खणून घेण्यासाठी मुले वापरली जातात, शिक्षा म्हणून खुरपे हाती दिले जाते, तेव्हा त्या माउलीचे म्हणणे शंभर टक्के खरे असते. म्हणून माझी अट साधी आहे. प्रयोग मुलांचा, नोंदवही मुलांची आणि विक्रीचे पैसेही मुलांचे. त्याच शाळेत कलमे विकून चार पैसे आले, तेव्हा ते कोणत्या खाती जमा करावेत हा प्रश्न निघाला आणि शेवटी ते इमारत निधीत गेले. पुढच्या वर्षी कलमे बांधायला निम्मी मुलेही आली नाहीत. मुलांना हिशेब कळतो.

मे महिन्यात पाणी कोण घालणार, हाही खरा प्रश्न. कातळावरची विहीर आटते, शाळेला कुलूप असते. कलमे सुट्टीत मुलांनी घरी न्यावीत, हाच मार्ग मला दिसतो. ती घरी गेली की आजोबाही त्यांत लक्ष घालतात, हा वरचा फायदा. शिकवणार कोण, याचे उत्तर तर गावातच येऊन राहते. कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाची मुले-मुली कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावोगाव येतात. त्यांना आठवड्यातला एक दिवस हायस्कूलला जोडून द्यायला नवा निधी लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ते सलग घ्यायचे की पाऊस बघून, एवढे ठरवण्याची मोकळीक मुख्याध्यापकांना असावी.

तोवर घरी एक करता येईल. यंदा रायवळ खाल्लेत की कोयी परड्यात भिरकावू नका. धुऊन, सावलीत सुकवून ठेवा आणि शाळा उघडताच मुलांबरोबर पाठवा. फार दिवस ठेवल्या तर त्या रुजत नाहीत.