चुलीलाही सुटी

सुटी ही 'सत्कारणी लावण्याची' वस्तू आहे, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. सुटीत इंग्रजी सुधारावे, संगणकाचा वर्ग लावावा, निदान पुस्तकांचे कपाट तरी आवरावे! दोन दिवस घरी नुसता पडून होतो, असे जो खरे सांगेल तो आळशी ठरतो. आमचे गुरुजनही सुटी देताना सोबत निबंधाचे चार विषय देतात, म्हणजे सुटीला काही धरबंध राहावा. माझे मत मात्र अगदी उलट आहे. विश्रांतीला कारण द्यावे लागू नये.

गेल्या उन्हाळ्यात मी येथे सोलापुरात एका कापडाच्या दुकानात कामाला होतो. लग्नसराईचे दिवस. दिवसभर उभे राहायचे, साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या आणि 'जरा पुढे बघून येतो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हसून निरोप द्यायचा. मालकांच्या घरी कार्य निघाले म्हणून शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस दुकान बंद राहिले. ज्याने सोलापूरचा मे महिना काढला आहे त्याला दुपारी बारा ते चारचे वर्णन सांगायला नको. पारा चाळिशीच्या पलीकडे असतो. खिडकीला ओले पोते बांधले, फरशीवर पाणी मारले आणि उघड्या अंगाने तिच्यावरच आडवा झालो. माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास होता. काही वाचले नाही. पंख्याकडे पाहत राहिलो. बऱ्याच दिवसांनी पोटऱ्या दुखत नव्हत्या, एवढाच काय तो त्या दिवसाचा वृत्तान्त!

आता या सुखाची दुसरी बाजू. शनिवारी मी पडून होतो आणि आई पहाटे पाचपासून कुरडयांचा चीक शिजवीत होती, कारण ऊन चांगले होते. घरात माणसे म्हणून दुपारी ताजे जेवण, मग पन्हे, मग चारचा चहा. पुरुषांची सुटी हा घरातल्या बाईचा जादा पाळीचा दिवस असतो, हे कोणत्याही घरात डोकावून पाहावे. रविवारी आईनेच जाहीर केले, "आज गॅस पेटायचा नाही." डब्यात कडक भाकरी होत्या, शेंगाचटणी होती, दही होते, कांदा बुक्कीने फोडला. कडक भाकरीची थोरवी लोक तिच्या चवीत शोधतात. मला ती निराळ्याच गोष्टीत दिसते. ती कितीतरी दिवस टिकते, म्हणून ती चुलीला रजा देऊ शकते. त्या दुपारी आई एक ते चार झोपली. तिला अशी गाढ झोपलेली मी क्वचितच पाहिली आहे.

आठवड्याची सुटी काही आकाशातून पडलेली नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज पुढे केला. मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुटी आणि दुपारी अर्धा तास विसावा. अर्ध्या तासासाठी अर्ज! २४ एप्रिल १८९० रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आली. महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांना तर २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला. पण यातला कोणताही कायदा घरच्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही. तेथे सुटी मिळते ती कोणाच्या तरी मर्जीने, नाहीतर कडक भाकरीच्या कृपेने.

हे सारे लिहिण्याचे कारण जवळचेच आहे. वसतिगृहाची खाणावळ रविवारी संध्याकाळी बंद असते. तेव्हा ती चालू ठेवावी, असा अर्ज सध्या आपल्या मित्रांमध्ये फिरतो आहे. त्यांची अडचण खोटी नाही; रविवारी रात्री बाहेर वडापावावर भागवावे लागते आणि खिसा महिनाअखेरीस कसा असतो ते मलाही ठाऊक आहे. परंतु तेथे पोळ्या लाटणाऱ्या तिघी बायकांना आठवड्यातून तेवढीच एक संध्याकाळ मिळते, आणि तीही त्या आपापल्या घरी पोळ्या लाटण्यातच घालवीत असतील. अर्जात त्यांचा उल्लेख नाही. शनिवारीच थोड्या जास्त भाकरी करून ठेवता येतील, ताक-चटणी आपली आपण वाढून घेता येईल, ताटे आपली आपण विसळता येतील. एवढे सुचवून तो अर्ज मी परत दिला आहे. सही केलेली नाही.