कानाने शिकणाऱ्यांना कृषी विद्यापीठात जागा कुठे?

केंद्र सरकारने जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू केले. शेतकऱ्याने फोन करायचा आणि पलीकडच्या कृषी पदवीधराने त्याच्या भाषेत उत्तर द्यायचे. महाराष्ट्रातून फोन गेला तर मराठीत. पण हा पदवीधर चार वर्षे शिकला कोणत्या भाषेत? इंग्रजीत! राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली चारही कृषी विद्यापीठे शेतकऱ्यांसाठी पुस्तिका मराठीत काढतात, मेळावे मराठीत घेतात. पदवीच्या वर्गात मात्र मराठीला बाहेर चपला काढून उभे राहावे लागते.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला भूमिहीन मजुराचा मुलगा किंवा मुलगी या वर्गात बसते तेव्हा काय होते? चोपण जमीन त्याच्या तळपायाला ठाऊक असते. प्रश्नपत्रिकेत ती ‘सोडिक सॉईल’ होऊन येते आणि तो गप्प होतो. विषय राहतात, आणि ठपका ‘राखीव जागेवरून आलेला’ म्हणून त्याच्या जातीवर येतो. आमचा राग या ठपक्यावर आहे.

यावर एक स्वस्त उपाय हाताशी आहे. प्रत्येक पाठाचे दहा-पंधरा मिनिटांचे मराठी स्पष्टीकरण ध्वनिमुद्रित करायचे, इंग्रजी संज्ञा त्यातच उलगडून सांगायच्या. चित्रफितीला लागतो त्याच्या कितीतरी कमी डेटात ते साध्या मोबाईलवर येते आणि वसतिगृहात दहा वेळा ऐकता येते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने अभ्यासक्रम संगणकावर आणला, तोही इंग्रजीतच. म्हणजे यंत्र नवे, दरवाजा जुना.

मग अडते कुठे? पैशात नाही. प्राध्यापकाची बढती संशोधनपत्रांवर ठरते. मराठी ध्वनिफितीसाठी रात्र जागवणाऱ्याला कोण विचारतो? रिक्त पदांमुळे एकेकावर दोघांचे तास. विद्यार्थ्याने स्वतः तास मुद्रित करायला मोबाईल काढला तर शिस्तभंग. आणि सर्वात मोठी अडचण अशी की, ऐकून शिकणे हे अडाण्याचे शिकणे, ही समजूत आमच्या विद्वानांच्या हाडात मुरली आहे. ज्यांना शतकानुशतके ऐकण्याचीही बंदी होती, त्यांच्या लेकरांना आता ऐकणे कमीपणाचे म्हणून सांगितले जाते!

किडीच्या पंखावरच्या शिरा किंवा मातीचे थर कानाने दिसत नाहीत, हे आम्हालाही कळते. प्रात्यक्षिकाला पर्याय नाही. पण कल्पना समजण्याचा पहिला उंबरठा आवाजाने ओलांडता येतो. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्याचे भाग पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले होते. त्यांचेच नाव राहुरीच्या विद्यापीठाला आहे. आपली चळवळ तरी कशाने वाढली? भीमराव कर्डकांच्या जलशाने, वामनदादांच्या गाण्याने. अक्षर नसलेल्या वस्तीत विचार कानावाटेच पोहोचला.

शेजारचेच उदाहरण घ्या. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, आताच्या तेलंगणातील माचनूर गावात दलित शेतकरी स्त्रिया २००८ पासून ‘संघम रेडिओ’ चालवतात. परवाना मिळण्याआधी कित्येक वर्षे त्या बियाण्यांचे, पिकांचे कार्यक्रम ध्वनिफितींवर मुद्रित करून बैठकांत ऐकवत होत्या. शाळा फारशी न पाहिलेल्या बायांना हे जमले. कृषी विद्यापीठांना तर २००६ च्या धोरणाने सामुदायिक रेडिओचा दरवाजा सरकारनेच उघडून दिला आहे.

पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेकडे आमची मागणी साधी आहे. पहिल्या वर्षाच्या सर्व विषयांची मराठी ध्वनिव्याख्याने चारही विद्यापीठांनी वाटून घ्यावीत, ती करणाऱ्या प्राध्यापकाला सेवेत गुण द्यावेत, आणि वसतिगृहात ती मोफत उतरवून घेता यावीत. संज्ञा मराठीत कशा सांगायच्या, हे ठरवताना खुरपणीला जाणाऱ्या चार बायांनाही बोलवावे. मातीची, तणांची नावे त्यांना प्राध्यापकांहून जास्त येतात.