पंधरा ते आठ

फळ्यावर ‘आवडीचे चित्र’ असे लिहून आपण हजेरीपटाकडे वळलो की वर्गात काय होते, ते प्रत्येक कलाशिक्षकाला पाठ आहे. आधी पेन्सिलींना टोके निघतात. मग माना शेजारच्या वहीकडे वळतात. तास संपताना बहुतेक कागदांवर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि एक झोपडी. मुलांना कल्पनाशक्तीच नाही, असा शेरा मारून आपण मोकळे होतो. पण काहीही चालेल म्हटले की नेमके काय काढायचे, हे ठरवण्यातच दम निघतो. त्यापेक्षा ओळखीचा डोंगर बरा.

या मुलांच्या आया-आज्या दिवाळीत काय करतात, ते वाकोल्यात दत्तमंदिर रोडच्या आतल्या चाळींत जाऊन पाहावे. दारासमोरच्या हातभर जागेत गेरूचा पट्टा ओढलेला. मधल्या ओळीत १५ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत. प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोघांच्या मधोमध. एकूण १६९. ‘मला बाई चित्रातलं काही कळत नाही’ म्हणणारी गृहिणी चिमटीतून रांगोळी सोडत, शेजारणीशी चकल्या बिघडल्याच्या गप्पा मारत ते जोडत जाते. माप आणि समतोल ठिपक्यांनी सांभाळलेला असतो. पुढची रेघ कुठे न्यायची, एवढेच तिने बघायचे. चुकली तर बोटाने पुसायची. उद्या तर सगळीच झाडायची आहे.

डहाणूकडच्या वारली भिंतीवर याहून कमी सामान असते. गेरूचा रंग, तांदळाच्या पिठाचा पांढरा, ठेचलेल्या टोकाची बांबूची काडी. आकार म्हणाल तर वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी एवढ्यावर जन्म काढला आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, हे आधीच ठरलेले. तो कमरेत किती वाकला, त्याची पावले कुठे पडली, हे मात्र चित्रकाराचे. नुसता छापील मोर रंगवायला देण्यात आणि यात हाच फरक आहे: तिथे मुलाच्या वाट्याला एकही निर्णय उरत नाही.

बंधन आले की मन सैलावते, एवढे सोपे गणित अर्थात नाही. शासकीय रेखाकला परीक्षेत संकल्पचित्राचा आकार नेमून दिलेला असतो, तरी मुलांच्या तळव्यांना घाम फुटतोच. रांगोळीला कोणी श्रेणी देत नाही, हे विसरून चालणार नाही. म्हणून तासाच्या सुरुवातीची दहा मिनिटे गुणांबाहेर काढावीत. एकच स्केचपेन, खोडरबर दप्तरात, फक्त त्रिकोण आणि वर्तुळ, विषय ‘वाकोला पुलाखालची गर्दी’. पुढच्या वेळी हात न उचलता एकाच रेघेत चप्पल. हे कागद तपासू नयेत, चांगले निघाले तरी फलकावर लावू नयेत. लावले की पुढच्या तासाला सगळे त्याचीच नक्कल करतात.

तपासणीला फाइल दाखवावी लागते, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्या चित्रांसाठी तासाचा उरलेला वेळ आहेच.